नादारी, तडजोड आणि ऋणाचा धर्म

फेडता येणार नाही इतके कर्ज झालेल्या माणसापुढे कायदा दोन वाटा ठेवतो: न्यायालयाकडून नादार ठरवून घेणे, किंवा धनकोंशी रीतसर तडजोड करणे. कोणती वाट परवडेल याचा हिशेब वकील मांडून देतो. कोणती धर्माला धरून आहे, हे मात्र कर्जदाराला स्वतःच ठरवावे लागते, आणि पुष्कळांचे पाऊल अडते ते तिथेच. ‘दिवाळखोर’ हा शब्द मराठीत शिवीसारखाच वापरला जातो.

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा महामार्ग वेगळे होतात. अशा गावात कर्ज म्हणजे ट्रकचा हप्ता, घराचे कर्ज, सोनेतारण, पतपेढीचे देणे आणि लग्नात भावकीकडून घेतलेली उसनवारी. मुंबई शहराला 1909 चा नादारी कायदा लागू आहे, पळस्प्याला 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तींसाठी नवे प्रकरण आहे, पण ते 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरते अमलात आले. त्यामुळे पळस्प्याच्या ट्रकमालकाचा अर्ज आजही शंभर वर्षे जुन्या कायद्याखाली जातो. त्या कायद्यात अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम 500 रुपये आहे आणि धनकोंच्या वाट्याचा हिशेब अजून आण्यांत आहे.

धर्मशास्त्राने ऋण फार गांभीर्याने घेतले. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादान पहिले. माणूस देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी म्हणूनच जन्मतो, हा वैदिक विचार सावकाराच्या वहीलाही चिकटला: बापाचे कर्ज मुलाने फेडले नाही तर बापाला परलोकी गती नाही. तरी याच शास्त्राने जुगाराचे आणि दारूचे कर्ज मुलावर टाकले नाही, आणि दामदुपटीचा नियम घालून व्याजाला मुद्दलाच्या पुढे जाऊ दिले नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यातही हा नियम टिकून आहे. मुलावरचे ओझे पुढे कायद्याने हलके केले. मुंबई इलाख्यात 1866 मध्ये ते वारशाने आलेल्या मालमत्तेपुरते मर्यादित झाले, आणि 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांसाठी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने पुत्राचे हे धार्मिक कर्तव्य न्यायालयापुरते संपवले.

धनकोचाही धर्म असतो, ही बाजू सहसा विसरली जाते. तुकोबांचे स्वतःचे दिवाळे निघाले होते, हे त्यांच्याच अभंगांतून कळते. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. भावाच्या वाट्याच्या खतांना त्यांनी हात लावला नाही. सोडून द्यायचे ते आपले, दुसऱ्याचे नव्हे, इतका नेमका विवेक त्या कथेत आहे. कुराण अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगते आणि कर्ज सोडून देणे त्याहून चांगले मानते. पनवेलमध्ये बेने इस्रायल या ज्यू समाजाचे सिनेगॉग आहे. त्यांच्या तोरामध्ये दर सातव्या वर्षी कर्जमाफीची आज्ञा आहे. पण सातवे वर्ष जवळ आले की गरिबाला कोणी कर्ज देईना, म्हणून हिल्लेल या आचार्यांना कर्ज न्यायालयाच्या स्वाधीन करून वसुली टिकवण्याची पळवाट घालून द्यावी लागली. माफीची किंमत पुढच्या गरजूला मोजावी लागते, हे त्या समाजाने दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखले होते. पनवेलला ते वेगळ्या रीतीने कळले. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँकेने वाटलेला पैसा शेवटी ठेवीदारांचा असतो, म्हणून धनको म्हणजे नेहमीच गब्बर सावकार नव्हे.

नादारीचा कायदा या पार्श्वभूमीवर वाचला तर त्यात नीतीच अधिक दिसते. मालमत्ता कर्जाच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर पूर्ण ऋणमुक्ती मिळत नाही. पण ही अवस्था आपल्या दोषाने आली नाही हे दाखवता आले, तर ही अट आड येत नाही. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकते माप देऊन केलेली फेड रद्द ठरू शकते, आणि आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता परत ओढता येते. म्हणजे बायकोच्या नावावर केलेला सात-बारा आणि ओरडणाऱ्याला आधी दिलेले पैसे, दोन्ही उघडे पडतात. सगळ्या धनकोंना एका रांगेत बसवणारी ही वाट आहे. जप्तीतून स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याची अवजारे आणि धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळी करता न येणारी लेणी 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने वगळली आहेत. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात ठरवले, की निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात घालता येत नाही. ऐपत असून बुडवणारा वेगळा. फेडू न शकणे आणि फेडायचे नसणे यांतली हीच रेघ धर्मशास्त्रानेही ओढली होती. म्हणून ज्याच्याकडे खरोखर काही उरले नाही, त्याने सर्व काही उघड करून नादारी मागणे हा अधर्म नव्हे. उलट पाच जणांना खोटे वायदे करत राहणे हाच अधर्म.

ज्याची मिळकत चालू आहे, त्याने मात्र आधी तडजोडीचा प्रयत्न करावा. बँकेशी एकरकमी तडजोड होते, मात्र पतनोंदीवर तिचा डाग राहतो. लोकअदालतीत झालेल्या समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. नादारीच्या कायद्यातही तडजोडीला जागा आहे: हजर धनकोंपैकी बहुसंख्यांनी, आणि रकमेच्या हिशेबात तीन चतुर्थांशांनी मान्यता दिली, की न्यायालय योजना मंजूर करू शकते.

गावात या निवडीला आणखी एक पदर असतो, तो जामीनदाराचा. पतपेढीच्या कागदावर सही करणारा बहुधा मेहुणा, शेजारी किंवा एकाच कंपनीत कामाला असलेला मित्र असतो. नादाराला न्यायालयाने ऋणमुक्त केले तरी त्याचा जामीनदार सुटत नाही, असे 1920 चा कायदा स्पष्ट सांगतो. धनकोने मात्र जामीनदाराची संमती न घेता कर्जदाराशी तडजोड केली, तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदार मोकळा होतो. म्हणूनच बँका तडजोडीच्या कागदावर त्याचीही सही मागतात. अर्जावर सही करण्यापूर्वी ऋणकोने ज्याच्या घरी जाऊन बसायला हवे, तो माणूस हा.