अनुपस्थितांचा करार

जे वचन मी दिलेले नाही ते मला बांधू शकते का? नीतिशास्त्रातील हा जुना प्रश्न हिब्रू धर्मग्रंथांत सर्वनामाच्या आडून येतो. मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ या नावाने येणाऱ्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मोशे मवाबच्या भूमीत जमलेल्या लोकांना सांगतो, की होरेब पर्वतावरील करार पूर्वजांशी नव्हे, तर आज जिवंत असलेल्या आपणा सर्वांशी झाला. कथानकाच्या हिशेबाने हे विधान टिकत नाही. होरेबपाशी उभ्या राहिलेल्या प्रौढांची पिढी अरण्यातच संपलेली आहे. एकोणतिसाव्या अध्यायात तर त्या दिवशी तेथे उपस्थित नसलेल्यांनाही करारात सामील केले जाते.

हे केवळ वक्तृत्व मानता येत नाही. जॉर्ज मेन्डेनहॉल यांनी १९५४ मध्ये हित्ती सम्राटांच्या मांडलिकांबरोबरच्या तहांशी या कराराचे रचनासाम्य दाखविले. १९५५ मध्ये निमरूद येथे ॲसिरियाचा सम्राट एसरहद्दोन याच्या इ. स. पू. ६७२ मधील निष्ठाशपथेच्या मृत्पट्टिका सापडल्या. ‘अनुवादा’तील शापवचनांशी त्यांचे साम्य लक्षणीय आहे. त्या शपथेतही मांडलिकांच्या मुला-नातवंडांना, पुढे जन्मणाऱ्यांनाही, बांधून घेतलेले आहे. म्हणजे अनुपस्थितांना बांधण्याची ही रीत साम्राज्यसत्तेचीही होती. मग सम्राटाची आज्ञा आणि हा करार यांत नैतिक भेद कोणता?

शापांमध्ये तो सापडणार नाही. शाप दोन्हीकडे आहेत. तो नियमाला जोडलेल्या कारणात शोधावा लागतो. परक्याला छळू नका, असे ‘निर्गम’ सांगतो आणि कारण देतो, की तुम्हीही मिसर देशात परके होता. येथे आज्ञापालनाला केवळ सत्तेचा नव्हे, तर स्मृतीचा आधार दिलेला आहे. ऐकणारा मिसरमध्ये नव्हताच. तरीही ‘तुम्ही’ हे सर्वनाम स्वतःला लावून घेतल्याखेरीज त्याला नियमाचे कारण कळत नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचली जाणारी हग्गादा हीच अपेक्षा प्रत्येक पिढीकडून करते. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल समाजासाठी ती मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. मिसरमधील दास्य हा मराठीतूनही प्रथमपुरुषी अनुभव होऊ शकला.

परंतु स्मृतीचा हा आधार निर्दोष नाही. ‘निर्गमा’च्या एकोणिसाव्या अध्यायात सीनायच्या पायथ्याशी लोकांना तयारी करण्यास सांगताना मोशे त्यांना स्त्रियांजवळ जाण्यास मनाई करतो; म्हणजे ‘लोक’ या शब्दाने पुरुषच संबोधिलेले आहेत. ज्युडिथ प्लॅस्को यांनी १९९० मध्ये आपल्या स्त्रीवादी चिकित्सेत या स्थळावरच बोट ठेवले. ‘अनुवादा’चा एकोणतिसावा अध्याय स्त्रिया, मुले, परके, लाकूडतोडे आणि पाणक्ये यांची नावनिशीवार गणना करतो. एकाच परंपरेत संबोधनाच्या कक्षा अशा आकुंचित आणि विस्तृत होतात. करारात कोण आहे, याचा निर्णय म्हणूनच ‘तुम्ही’ या शब्दाच्या वाचनावर अवलंबून राहतो.

संमतीचा प्रश्नही परंपरेने दडविलेला नाही. तालमूदच्या ‘शब्बाथ’ या प्रकरणात एक रब्बी सांगतो, की ईश्वराने सीनाय पर्वत पिंपासारखा लोकांवर पालथा धरला होता. नियमशास्त्र स्वीकारा, नाहीतर येथेच गाडले जाल. यावर आक्षेप येतो, की बळजबरीने घेतलेला करार मोडणाऱ्याला मग मोठीच सबब मिळते. रावा हा विद्वान उत्तर देतो, की लोकांनी तो एस्तेरच्या काळी पुन्हा, स्वेच्छेने स्वीकारला. एस्तेरच्या हिब्रू संहितेत ईश्वराचे नावही येत नाही, हे येथे विसरता येत नाही. पर्वत डोक्यावर नसतानाच संमतीला अर्थ येतो, असे या उत्तरातून ध्वनित होते.

मराठीतील ‘करार’ या शब्दाला व्यवहाराचा वास आहे. दोन पक्ष, अटी, आणि भंग झाला की शेवट. येथे मात्र सोन्याच्या वासरामुळे भंग झाल्यावरही पाट्या पुन्हा घडविल्या जातात. न दिलेले वचन केवळ पूर्वजांनी दिले म्हणून बांधत नाही. त्यामागचे कारण ऐकून ते आपले म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. नकाराची शक्यता खुली असेल, तरच या बांधिलकीला नैतिक म्हणता येईल. पर्वताची कथा आणि तिच्यावरील आक्षेप शेजारी शेजारी जपून तालमूदने ती शक्यता खुली ठेवलेली आहे.