पांदणीकडची बाजू

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार कुटुंबानं यंदा पराट्या उपटून झाल्यावर समुद्र बघायचं ठरवलं. लेकीची दहावीची परीक्षा संपली होती, तूर विकून हातात थोडे पैसे होते आणि लेकीच्या आजोबांनी, आबाजींनी, उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस, मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तिथून एसटीनं अलिबाग. कुठं कुठं जायचं हे लेकीनं आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. तिला दीपगृहं बघायची होती.

पहिलं खांदेरीचं. थळच्या किनाऱ्यावरून होडीनं बेटावर जावं लागतं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथं किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून तो अडवायचा प्रयत्न केला; मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमारानं काम थांबू दिलं नाही. त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभं राहिलं. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं आणि २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. एवढा इतिहास एवढ्याशा बेटावर! पण आबाजी रमले ते एका दगडापाशी. त्यावर लहान दगडानं ठोकलं की भांड्यासारखा आवाज येतो. त्यांनी तो चारी अंगांनी ठोकून पाहिला, तळहात फिरवला, कान लावला. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी घरच्या शेतात स्वतः विहीर खोदली होती. पहार आणि सुरुंग घेऊन काळा पाषाण फोडणाऱ्या माणसाला दगडाचा आवाज कळतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कोर्लईला गेले. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी दीपगृह. तिथल्या कर्मचाऱ्यानं सगळ्यांना आपुलकीनं वर नेलं. आबाजींचा हात धरून एकेक पायरी चढवली. वर भिंगाची कडी होती, एकात एक बसवलेल्या काचेच्या कंगोऱ्यांची. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२२ मध्ये ही युक्ती काढली : चहूकडे फाकणारा उजेड काचेनं वळवून एका पट्ट्यात आणायचा, म्हणजे लहान दिवाही कित्येक कोस लांबून दिसतो. लेकीनं काचेत पाहिलं, तर तिचाच चेहरा कापून पुन्हा जुळवल्यासारखा दिसला. जवळपासच्या दोन दीपगृहांची लुकलुक सारखी ठेवत नाहीत, असंही कर्मचाऱ्यानं सांगितलं. दोन झोतांमधले सेकंद मोजले की खलाशाला कळतं, आपण कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत.

खाली पाण्यात कोळ्यांच्या होड्या परतत होत्या. त्यांच्याकडं बघत आबाजींनी विचारलं, “हे लोकं रोज येतेत जातेत. यायले दिव्याची काय गरज हाय जी?”

“यांना नाहीच, आजोबा. यांना इथला खडक अन् खडक पाठ आहे. अंधारात डोळे मिटून आणतील होडी. दिवा आहे तो पहिल्यांदा येणाऱ्यासाठी. तो कोण, कुठला, आम्हाला कधी कळत नाही. सुखरूप गेला, म्हणजे भेटतच नाही.”

“आता मोबाइलमधी नकाशा असते ना?” लेकीच्या बापानं विचारलं.

“असतो. पण बॅटरी संपते, पाऊस लागतो, यंत्र बिघडतं. दिवा आम्ही रोज लावतोच.”

परतीच्या लाँचमध्ये लेकीची आई बराच वेळ बोलली नाही. मग नवऱ्याला म्हणाली, “अवो, आपल्या इहिरीले कठडा बांधा.”

ही विहीर पांदण रस्त्याला लागून आहे. आबाजींनी खोदली तेव्हा मोटेसाठी एक बाजू मोकळी सोडली होती, तीच नेमकी पांदणीकडची. पुढं मोट गेली, मोटार आली, बाजू मोकळीच राहिली. पावसाळ्यात तिथं गवत कंबरेएवढं वाढतं आणि काठ दिसत नाही. गेल्या वर्षी एक कालवड पडली होती. गावकऱ्यांनी दोरखंड लावून काढली, चार दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. 

“कायले पाहिजे कठडा? गावातल्या लेकराले बी ठाव हाय, तिथं इहीर हाय ते,” नवरा म्हणाला.

“त्या कोळ्याले बी खडक पाठ होता.”

तो गप्प बसला. गावी आल्यावर हिशेब सुरू झाला. विहीर सामाईक, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. धाकट्या भावानं साफ सांगितलं, “रस्त्यानं जाणाऱ्याच्या पायी आपण काहून खर्च कराव? ज्याचा जीव, त्यानं पाहून चालाव.” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही, त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं आणि बियाण्याचे दिवस तोंडावर आले होते. आबाजी वाद घालत बसले नाहीत. निराधार योजनेचे साठवलेले पैसे त्यांनी डब्यातून काढून सुनेच्या हाती दिले आणि म्हणाले, “इहीर मी खोदली. उघडी बी मीच ठेवली.”

मृग लागायच्या आधी कठडा उभा राहिला. दगड विहिरीतूनच निघालेले, इतकी वर्षं बांधावर पडून होते. गवंड्यानं ते रचले, सिमेंट भरलं. छातीएवढी उंची ठेवली, म्हणजे जनावरही अडेल. धाकट्या भावानं शेवटपर्यंत पैसा दिला नाही. पण पहिल्या पावसात खताची पोती ओली होऊ नयेत म्हणून त्यानं ती त्याच कठड्यावर टेकवली, ताडपत्री टाकली, आणि कोणी त्याला काही बोललं नाही.

आषाढात शेजारचा कास्तकार आला. त्याचीही विहीर वाटेवरच. किती पोती सिमेंट लागलं, गवंड्यानं रोज काय घेतला, हे त्यानं विचारून घेतलं. निघताना म्हणाला, “चुना मारला ते बरं केलं. म्या बी आतून-बाहेरून मारतो.”

“आतून नाही मारला तरी चालते, भाऊ,” लेकीची आई म्हणाली. “पांदणीकडून दोन हात जास्त मारा.”