आपणच आपल्या आड

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी परतताना पुष्कळ जण मनाशी काही ठरवितात. कोणी दारू सोडण्याचे ठरवितो, कोणी तंबाखू. कोणी रोज सायंकाळी कुटुंबासह प्रार्थना करण्याचे, तर कोणी पहाटे उठून फिरावयास जाण्याचे. उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारपर्यंत यांतील बरेचसे संकल्प मोडलेले असतात. ते मोडावयास बाहेरून कोणी आलेले नसते. ज्या हाताने गाठ बांधली, त्याच हाताने आपण ती सोडतो. असे का व्हावे?

प्रश्न जुना आहे. चांगले काय ते पटूनही ते हातून घडत नाही, अशी व्यथा संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात मांडली आहे. संत ऑगस्टीननेही आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथात वासनेतून सवय आणि सवयीतून बंधन कसे तयार होते, हे कडीत कडी गुंतवावी तसे उलगडून दाखविले आहे.

श्रीरामपूर परिसरातील वाचकांना हे समजण्यासाठी दूर जावयास नको. प्रवरेच्या कालव्यांनी व 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने या भागात उसाचे मळे फुलविले. पाण्याने ऊस वाढतो, म्हणून अधिक पाणी दिले गेले. जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली, त्याबरोबर क्षार वर आले. पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले. कालव्याखालची कित्येक काळी राने अशी खारवट झाली. कोणा शेतकऱ्याने आपल्या जमिनीचे वाईट चिंतिले नव्हते. पाण्याची कोणतीही एक पाळी घातक नव्हती. ‘आजच्या दिवस चालेल’ असे म्हणत आपणही स्वतःचे असेच नुकसान करीत असतो. खारवट जमीन सुधारावयाची तर चर खोदून निचरा करावा लागतो आणि अनेक हंगाम धीर धरावा लागतो. मनाच्या मशागतीलाही तितकाच धीर हवा.

मोहाचा आवाज दोनदा बोलतो. पडण्यापूर्वी तो म्हणतो, ‘एकदाने काय होते?’ पडल्यानंतर म्हणतो, ‘आता सारे संपले!’ आम्हांस दुसरे वाक्य अधिक घातक वाटते. वरवर तो पश्चात्ताप दिसतो, पण त्याच्या मुळाशी बहुधा अहंकार असतो. आजन्म पाळावयाचा मोठा संकल्प करताना आपण स्वतःच्याच नजरेत मोठे होतो. तो मोडला की लहानशा पायरीपासून पुन्हा आरंभ करणे अपमानाचे वाटते, आणि त्या अपमानापेक्षा जुनी सवयच बरी वाटू लागते. म्हणून चांगली सवय जडण्यासाठी निग्रहापूर्वी नम्रता हवी.

डब्लिन शहरातील मॅट टॅलबट या मजुराची कथा येथे आठवते. तारुण्यात तो दारूच्या पूर्ण आहारी गेला होता. 1884 साली त्याने शपथ घेतली, ती फक्त तीन महिन्यांची. पुढे मुदत वाढवीत त्याने ती आजन्म केली आणि 1925 साली मृत्यू येईपर्यंत पाळली. मोह होऊ नये म्हणून तो खिशात पैसे बाळगीत नसे. आपला दुबळेपणा ओळखून त्याने त्याला कुंपण घातले. 1975 साली ख्रिस्तसभेने त्याला ‘पूजनीय’ म्हणून घोषित केले.

परंतु एकट्याने घातलेले कुंपण नेहमी टिकतेच असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दुष्काळ, दारू आणि बेसुमार वृक्षतोड यांनी खचले होते. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान असे नियम एकत्र बसून स्वीकारले. तेथे पावसाचे पाणी मोजून वर्षाचा ताळेबंद मांडतात, पिण्याचे पाणी आधी राखतात आणि मग पिके ठरवितात. संकल्पाचा हिशेब वेळोवेळी चारचौघांत मांडला गेला, म्हणून तो टिकला.

संत थॉमस अक्विनास यांच्या मते सद्गुण ही एक सवयच आहे, आणि मानवी सद्गुण वारंवार केलेल्या कृतींनी अंगी बाणतो. तसे असेल तर मोडलेला एक दिवस मागील सर्व दिवस पुसून टाकीत नाही. पापनिवेदनाचा संस्कार पुन्हा पुन्हा घेता येतो, यातही हेच शहाणपण आहे.

मात्र व्यसन हा आजारही आहे, हे विसरता कामा नये. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविणे जिवावर बेतू शकते. तेथे डॉक्टरांची मदत घ्यावी. त्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

घरच्यांचेही कर्तव्य आहे. चार दिवस न पिता घरी आलेल्या माणसाला ‘पाहू किती दिवस टिकते ते’ असा टोमणा मारणे म्हणजे त्याच्या आतल्या वैऱ्याला साथ देणे होय. पाचव्या दिवशी तो घसरला, तर सहाव्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याची जागा मोकळी ठेवावी आणि त्याला हाक मारावी.