सुटा भाग आणि सबंध वस्तू

जुनी वस्तू दुरुस्त करणे ही वरवर पाहता केवळ कारागिरीची बाब वाटते. परंतु दुरुस्तीला लागणारा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, की त्याच कामातून नीतीचे प्रश्न उभे राहतात. तो भाग कोठून आणावा? कशाच्या मोबदल्यात आणावा? आणि तो बसवल्यावर वस्तू पूर्वीचीच राहिली, असे म्हणता येईल काय? मासे धरण्याच्या जुन्या रिळांच्या निमित्ताने या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

गळाच्या काठीला बसवलेले रीळ हे घड्याळाचे जवळचे नातलग आहे. स्वीडनमधील ‘आबू’ ही कंपनी 1921 साली स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावाचा अर्थच ‘घड्याळाचा कारखाना’ असा होता. पुढे ती टॅक्सीचे मीटर बनवू लागली आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे मीटरची मागणी आटल्यावर रिळांकडे वळली. फ्रान्समधील क्लूझ हे गाव घड्याळांच्या सुट्या भागांसाठी नावाजलेले. तेथील कारखान्यातून ‘मिचेल’ रिळे जगभर गेली. अशा रिळाची मूठ फिरवली, की आतली दंतचक्रे फिरतात आणि तारेची एक कमान तंगूस धरून ते गुंडाळत जाते. ही कमान मिटवणारी स्प्रिंग बोटाच्या पेराएवढी. पण ती तुटली, की सारे यंत्र निकामी. शिवाय ‘मिचेल 300’ डाव्या हाताने फिरवायचे, तर ‘301’ उजव्या. दोन्ही दिसायला जुळी असली, तरी एकाचे काही भाग दुसऱ्याला चालत नाहीत.

असे भाग शोधणारा मनुष्य मुंबईचा चोरबाजार पालथा घालतो, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार घालवतो. तेथे सुटी स्प्रिंग क्वचितच मिळते; मिळालेच तर दुसरे रीळ मिळते. म्हणजे एक जोडायचे, तर दुसरे मोडायचे!

हा पेच गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांपुढे उभा राहिला. गोदावरीवरील गंगापूर धरण 1965 साली पूर्ण झाले. त्यानंतर त्यांचे वडील सुटीच्या दिवशी तेथे गळ टाकून बसत. रीळ जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने आणून दिलेले. त्याची स्प्रिंग तुटली. बऱ्याच शोधानंतर त्याच जातीचे दुसरे रीळ एका कुटुंबाकडे सापडले. घरातला हौशी माणूस निवर्तला होता, आणि घरच्यांच्या लेखी ती अडगळ होती. मात्र ते रीळ उत्तम चालत होते. शिक्षक मला म्हणाले, “फादर, माझ्या वडिलांच्या रिळासाठी दुसऱ्या कोणाच्या वडिलांचं रीळ मोडणं बरोबर आहे का?”

या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. थीसियसच्या जहाजाची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. अथेन्सकरांनी त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. मग ते जहाज तेच राहिले की नाही, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात भर घातली : काढलेल्या फळ्या जपून कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? मला वाटते, वस्तूचे ‘तेच’पण केवळ तिच्या कणांत नसते; तिच्या अखंड वापरात आणि ती सांभाळणाऱ्या हातांच्या परंपरेत असते. म्हणून नवी स्प्रिंग बसल्याने वडिलांचे रीळ परके होत नाही.

पण दुसऱ्या रिळाचे काय? निर्जीव वस्तूला कसले आले हक्क, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. तरीही ज्यांनी ती घडवली त्यांचे श्रम तिच्यात आहेत, आणि उद्या ती वापरू शकेल असा कोणीतरी आहे. चालते रीळ मोडले, की जगातून एक रीळ कायमचे कमी होते. उलट खाऱ्या हवेने गंजलेले, दाते झिजलेले रीळ असेल, तर त्यातली शाबूत स्प्रिंग काढून घेणे हा त्या वस्तूचा उरलेला उपयोग वाचवणेच आहे. जे पुन्हा उभे राहणार नाही त्याचे घ्यावे. जे उभे आहे त्याला पाडू नये. मी त्यांना एवढेच सांगितले.

त्यांनी ते रीळ घेतले नाही. ‘हे चालते आहे, भंगारात घालू नका,’ असे त्या कुटुंबाला बजावून ते सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारागिराकडे गेले. त्याने तुटक्या तुकड्यांची मापे घेऊन पोलादी तारेची नवी स्प्रिंग वळून दिली. संग्राहकांच्या बाजारात अशा रिळाची किंमत उतरते, कारण भाग ‘मूळचा’ नाही. येथे तिसरा प्रश्न येतो, सत्याचा. विकताना ती स्प्रिंग मूळची म्हणून खपवणे ही फसवणूक. ‘ही अमुक साली सातपूरला केली’ अशी चिठ्ठी डबीत ठेवणे ही प्रामाणिक दुरुस्ती. दुरुस्ती आणि बनावट यांच्यातील अंतर पुष्कळदा अशा एका चिठ्ठीएवढेच असते.

सगळा भार ग्राहकाच्याच सद्सद्विवेकावर टाकणेही न्याय्य नाही. वस्तू विकणाऱ्याने तिचे सुटे भागही पुरवावेत, हा विचार आता मूळ धरीत आहे. ‘दुरुस्तीच्या हक्का’संबंधी भारत सरकारने 2022 साली समिती नेमली. ज्या समाजात सुटा भाग मिळत नाही, तेथे सबंध वस्तू फेकण्याची सवय लागते. आणि सवय वस्तूंपाशी थांबत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात याकोब व योहान तारवात जाळी नीट करीत असताना प्रभूने त्यांना हाक मारली. तेथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच संत पौल गलतीकरांना लिहिताना, चुकलेल्या बांधवाला सौम्यतेने ताळ्यावर आणण्यासाठी वापरतो. जाळे सांधणे आणि माणूस सांधणे यांना एकच शब्द! दोन्हींत नियम तोच : एकाला सावरण्यासाठी दुसऱ्याला मोडू नये, आणि जेथे सांधा आला आहे तेथे तो लपवू नये.