चतुष्पाद चिकित्सा आणि सहाध्ययन

देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर हे क्षेत्र आहे. येथील सिद्धनाथाचे मंदिर प्राचीन असून हे स्थान नर्मदामाईचे नाभिस्थान मानले जाते. नदी उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता चालणारे परिक्रमावासी येथे विसावतात. त्यांत मराठी माणसेही पुष्कळ असतात. अशा एखाद्या मधुमेही यात्रिकाच्या तळपायाला जखम झाली आहे, अशी कल्पना करू.

डॉक्टर जखम पाहून औषध लिहून देतो. ते देताना औषधविक्रेत्याच्या ध्यानात येते की, याच्या मधुमेहाच्या गोळ्या संपल्या आहेत. पट्टी बांधताना परिचारिकेला कळते की, पायाची संवेदनाच गेली आहे. पादत्राण बदलून जखमेवरचा भार हटविल्यावाचून ती भरणार नाही, हे भौतिकोपचारतज्ज्ञ जाणतो. चौघांनीही आपापले काम चोख केले. मात्र एकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचले नाही. पुढे पाय गमवावा लागला, तर दोष कोणाचा? प्रत्येकाने कर्तव्य केले असूनही रुग्णावर अन्याय व्हावा, हा नीतिशास्त्रातील कूटप्रश्न नव्हे काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्यांत वैद्य प्रधान. कुंभारावाचून माती, दंड व चाक जसे व्यर्थ, तसे वैद्यावाचून इतर तिघे, असा तेथील दृष्टांत आहे. परंतु त्याच अध्यायात परिचारकाचा पहिला गुण उपचाराचे ज्ञान हा सांगितला आहे, आणि आपली व्यथा नीट सांगता येणे हा रुग्णाचाही गुण मानला आहे. म्हणजे चाकालाही काही कळते, मातीलाही वाचा असते! ज्याला हे ऐकू येत नाही, त्याचे प्राधान्य काय कामाचे?

कोणी म्हणेल, सर्वांनाच विचारत बसले तर उत्तरदायित्व कोणाचे? आक्षेप रास्त आहे. तथापि निर्णय घेणारा एक असला, तरी जाणणारे अनेक असू शकतात. दायित्व एकाचे म्हणून ज्ञानही एकाचेच, हा अहंकार होय.

हा अहंकार नोकरीत उपदेशाने जात नाही. तो विद्यार्थिदशेतच वितळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली अशा शिक्षणाची व्याख्या करताना भिन्न व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी परस्परांविषयी, परस्परांपासून आणि परस्परांसह शिकावे, असे म्हटले. यांपैकी ‘परस्परांपासून’ हेच कठीण. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणारे काम आपल्या समाजाने दीर्घकाळ हीन लेखले. ते काम करणारीपासून शिकायचे, तर भावी डॉक्टरला जुना उच्चनीचभाव उंबऱ्याबाहेर ठेवावा लागेल.

हे अशक्य नाही, याची साक्ष जामखेड देते. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या अनेक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. डॉक्टरांना शास्त्र अवगत होते. घराघरांतले दुखणे त्या स्त्रियांना ठाऊक होते. दोन्ही ज्ञाने एकत्र आली, तेव्हा कार्य उभे राहिले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या स्थापनेमुळे 1998 पासून वैद्यक, आयुर्वेद, परिचर्या आदी शाखा एका छत्राखाली आल्या. पण छत्र एक म्हणून पंगत एक होत नाही. या शाखांच्या विद्यार्थ्यांनी निदान काही दिवस एकाच रुग्णाच्या खाटेपाशी एकत्र बसावे, परिचारिकेचे निरीक्षण आधी ऐकावे, रुग्णाला पुरते बोलू द्यावे. देवळात महापूजा होते तेव्हा मंत्र म्हणणारा, फुले आणणारा, समई उजळणारा आणि अंगण झाडणारा यांपैकी एकही उणा असून चालत नाही, हे आपण जाणतोच. रुग्णसेवेत ते विसरण्याचे कारण नाही.