फसवणे: एका क्रियापदाचा शोध

इंग्रजी भाषेत ‘डिसीव्ह’ असे एक क्रियापद आहे. शाळेत असताना त्यात ‘ई’ आधी की ‘आय’ आधी, एवढीच त्याची अडचण वाटे. पुढे पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम हाती आले तेव्हा कळले की, त्याचे वर्ण लिहिण्यापेक्षा त्याचा अर्थ नीट मांडणे अधिक कठीण आहे.

या शब्दाच्या मुळाशी ‘पकडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. समोरचा सापळ्यात सापडला, तरच हे क्रियापद पूर्ण होते. म्हणून खोटे बोलणे आणि फसवणे एक नव्हे. माझे असत्य कोणी तत्काळ ओळखले, तर मी खोटा ठरतो. पण तो फसत नाही. उलट, मुख्य असत्य न उच्चारताही फसवता येते. उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायात योसेफाचे भाऊ रक्तात बुडवलेला झगा बापापुढे ठेवतात, तो आम्हांला सापडला असे म्हणतात आणि तो ओळखीचा आहे का, असे विचारतात. उरलेले असत्य याकोब स्वतःच बोलतो.

आपल्या मराठीत या एका शब्दासाठी कितीतरी शब्द आहेत: फसवणे, चकवणे, भुलवणे, ठकवणे, दिशाभूल करणे. त्यांतील भेद नैतिक आहे. मी राहतो त्या झाशीचा इतिहासच पाहा. ८ जून १८५७ रोजी किल्ल्यातील इंग्रज सुरक्षिततेच्या आश्वासनावर बाहेर आले आणि स्त्रिया व मुलांसह झोकन बागेत मारले गेले. पुढे एप्रिल १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई शहराबाहेर पडल्या, तेव्हा झलकारीबाईने राणीचा वेष घेऊन शत्रूचे लक्ष आपल्याकडे वेधले, असे परंपरा सांगते. दोन्ही प्रसंगी समोरच्याची समजूत चुकीची झाली. तथापि झलकारीबाईने शत्रूला चकवले. तिने त्याला कोणताही शब्द दिला नव्हता. झोकन बागेत मात्र आधी विश्वास मागितला गेला आणि मग त्याचाच घात झाला. फसवण्याचे पाप विश्वासाच्या याच जागी असते.

मग प्रश्न उभा राहतो: माणूस स्वतःला कसा फसवू शकेल? सापळा लावणारा आणि त्यात सापडणारा एकच असेल, तर सापळा कोठे आहे हे त्याला ठाऊकच असणार. तरीही नवा करार हे शक्य आहे असे ठामपणे सांगतो आणि त्यासाठी निरनिराळी ग्रीक क्रियापदे वापरतो. १ योहान १:८ मध्ये वाट चुकवण्याचे क्रियापद आहे. गलतीकरांस ६:३ मधील शब्दात मनालाच ठकवण्याची कल्पना आहे. याकोब १:२२ मधील क्रियापदाच्या पोटात ‘हिशेब’ आहे. केवळ ऐकणारा मनुष्य जणू स्वतःशीच चुकीचा हिशेब मांडतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी बहुधा ‘डिसीव्ह’ हाच शब्द येतो.

हा चुकीचा हिशेब कसा मांडला जातो, हे मला झाशीजवळच्या एका खेड्यात उमगले. याच वचनाचा बुंदेली मसुदा आम्ही तेथे वाचून दाखवला. “समजले ना?” असे मी विचारले. सर्वांनी माना डोलावल्या. मी वहीत ‘अर्थ स्पष्ट’ अशी नोंद केली. मसुदा पाठवण्याची तारीख जवळ आली होती. पुढच्या भेटीत एका वृद्ध मातेला मी म्हटले, “आता हेच तुमच्या शब्दांत सांगा.” ती म्हणाली, “देव सांगतो, लोकांना फसवू नका.” ‘स्वतःला’ हा शब्दच तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

त्या मंडळींनी मला फसवले नव्हते. पाहुण्याचा मान राखून ती हो म्हणाली होती. मीही असत्य लिहिले नव्हते. परंतु होकाराखेरीज दुसरे उत्तर येऊ नये असाच प्रश्न मी निवडला होता, आणि तो का निवडला हे मला अर्धवट ठाऊक होते. वरील कोड्याचे उत्तर मला येथे सापडले. स्वतःला फसवण्यासाठी सत्य पूर्ण जाणून ते नाकारावे लागत नाही. जो प्रश्न विचारल्यास सत्य समोर येईल, तो प्रश्न टाळला की पुरते.

एदेन बागेत हव्वेने आपल्या बचावात हेच क्रियापद वापरले. कर्ता सर्प आणि कर्म ती स्वतः. ते खरेही होते. पण आपणही बहुधा याच रचनेत बोलतो: मला लोकांनी फसवले, काळाने फसवले, परिस्थितीने फसवले. व्याकरणात चूक नसते. कर्त्याच्या जागी ‘मी’ घालून ते वाक्य एकदा वाचावे, एवढेच आपण करत नाही.

आता मी कोणत्याही गावात “समजले ना?” असे विचारत नाही. प्रिय वाचकहो, आपल्या घरात, मंडळीत किंवा प्रार्थनेत असा कोणता प्रश्न आपण कित्येक वर्षे टाळत आलो आहोत?