उच्चार आणि अधिकार

ज्याच्या जिभेला र हा वर्ण साधत नाही, त्याचे रामनाम पुरे होते की अपुरे राहते, हा प्रश्न प्रथमदर्शनी पंडितांच्या निष्फळ वादासारखा वाटेल. परंतु पनवेल तालुक्यातील नावड्यासारख्या गावी, जेथे एका अंगाला तळोज्याची कारखानदारी आणि दुसऱ्या अंगाला सिडकोच्या नव्या इमारती उभ्या राहूनही सायंकाळी देवळात हरिपाठ म्हणण्याची वहिवाट मोडलेली नाही, तेथे तो अगदी प्रत्यक्ष स्वरूपात समोर येतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा टाळकऱ्यांच्या रांगेत उभा असतो, तालाला पक्का असतो, पाठांतरात मोठ्यांनाही मागे टाकतो. आणि 'रामकृष्णहरी' म्हणताना त्या मंत्रात जेथे जेथे र उच्चारावा लागतो तेथे तेथे त्याच्या तोंडून ल बाहेर पडतो. शेजारचे दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि पुढच्या खेपेला तो नुसते ओठ हलवतो. बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना स्वप्नात दिलेला म्हणून जो मंत्र वारकरी शिरोधार्य मानतात, तोच उच्चारण्याची एखाद्या मुलाला धास्ती वाटावी, ही गोष्ट मला धर्मविचाराच्या दृष्टीने फार गंभीर वाटते.

प्रथम व्याधीची कैफियत मांडली पाहिजे. साधारणपणे चौथ्या वर्षाच्या सुमारास मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसालाही कळू लागते. र, ळ, श असे काही कठीण वर्ण कोणाकोणाला त्यानंतरही काही काळ हुलकावणी देतात आणि पुढे आपोआप साधतात. परंतु काही मुलांच्या बाबतीत आठवे-नववे वर्ष उलटले तरी ते साधत नाहीत, आणि मग तो दोष बहुधा सहजासहजी जात नाही. इंग्लंडात ब्रिस्टलच्या परिसरात जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचा या विषयावरील निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला, आठ वर्षांच्या मुलांपैकी ३.६ टक्क्यांत असा टिकून राहिलेला दोष आढळला. कोठे श्रवणाची उणीव असते, कोठे टाळू दुभंगलेला असतो, कोठे मेंदूकडून जिभेला जाणाऱ्या हालचालींच्या आज्ञाच विस्कळीत असतात. परंतु पुष्कळ मुलांत शोधूनही कारण सापडत नाही, कान, टाळू, जीभ आणि बुद्धी ही सर्व यथास्थित असतात, आणि तरीही एक वर्ण रुसून बसतो. बुद्धीचा व या दोषाचा संबंध जोडण्याची आपल्या समाजाची खोड मात्र इतकी जुनी आहे, की बोबडा आणि मंद यांत आपण फारसा भेदच करीत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नावड्याच्या आगरी घरात ण च्या जागी न आणि ळ च्या जागी ल ऐकू येतो, तो दोष नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बोलीची रीत आहे, आणि त्या रीतीने बोलणाऱ्या मुलाला 'अशुद्ध' म्हणून वर्गात उभे करणारा शिक्षक अज्ञानापोटी अन्याय करतो. मुलाचे उच्चार त्याच्या आईच्या, आजीच्या, सवंगड्यांच्या उच्चारांहून भिन्न पडतात काय, एवढेच पाहावयाचे असते. ज्या मुलाविषयी मी लिहीत आहे तो आपल्याच घरात, आपल्याच बोलीत वेगळा पडतो.

आता शास्त्राकडे वळू. पतंजलींच्या महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण कशासाठी शिकावे याची प्रयोजने सांगताना, असुरांची कथा येते: शत्रूला उद्देशून 'हे अरयः' असे म्हणण्याऐवजी त्यांनी र च्या जागी ल उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला. हजारो वर्षांच्या या वाङ्मयात अशुद्ध उच्चाराचे पहिले ठळक उदाहरण म्हणून जो दोष नोंदला गेला, तोच नेमका आमच्या टाळकरी मुलाचा दोष आहे. त्याच प्रकरणात त्वष्ट्याची कथा आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने आहुती दिली, परंतु मंत्रातील समासाचा स्वर चुकल्यामुळे अर्थ उलटला आणि तो पुत्रच इंद्राच्या हातून मारला गेला. एका स्वराने यज्ञ यजमानावर उलटतो, असा हा कडक कायदा आहे. आणि वेदांचा अक्षरन्‌अक्षर केवळ मुखपरंपरेने जपणाऱ्या समाजाने तो केला यात नवल नाही, कारण त्यांच्यापाशी कागद नव्हता, मुखच दप्तर होते.

परंतु पतंजली तेथेच थांबत नाहीत, आणि जे पुढे आहे ते आपण सहसा सांगत नाही. ते काही ऋषींचा उल्लेख करतात, ज्यांना 'यर्वाणस्तर्वाण' असे नावच पडले होते. कारण 'यद्वा नः तद्वा नः' असे म्हणावयाचे असता ते रोजच्या व्यवहारात अशा वेड्यावाकड्या रीतीने बोलत. हे ऋषी धर्माचे साक्षात्कारी द्रष्टे होते असा भाष्यकारांचा निर्वाळा आहे, म्हणजे उच्चार बिघडल्याने त्यांच्या ज्ञानाला उणेपणा आला नाही; यज्ञकर्मात मात्र ते शुद्ध बोलत, आणि असुर यज्ञकर्मातच चुकले म्हणून हरले. हा दाखला मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण त्याने कायद्याची हद्द आखून दिली: उच्चारशुद्धी ही कर्माची अट आहे, मनुष्याच्या योग्यतेचे माप नव्हे.

तरीही या दाखल्याने आमच्या मुलाचे काम भागत नाही. यर्वाणस्तर्वाण ऋषींना दोन्ही उच्चार येत होते. घरी एक आणि यज्ञात दुसरा अशी निवड त्यांच्या हाती होती, तर या मुलाची जीभ घरीही चुकते आणि देवळातही चुकते. शास्त्राने निष्काळजीपणाचा विचार केला, असामर्थ्याचा येथे केला नाही. तो जैमिनींच्या पूर्वमीमांसेत, सहाव्या अध्यायातील अधिकारविचारात आढळतो: निर्धनाला यज्ञाचा अधिकार आहे काय, अंगहीनाला आहे काय, असे प्रश्न तेथे उपस्थित होतात, आणि परंपरेचा निर्णय असा, की ज्याचे वैगुण्य दूर होण्याजोगे आहे त्याचा अधिकार कायम राहतो, ज्याचे कायमचे आहे त्याला ते ज्या कर्माच्या आड येते त्या कर्माचा अधिकार नाही. हा निर्णय कठोर आहे, पण त्यात माणसाच्या पापपुण्याचा पंचनामा नाही. तो स्मृतींनी केला. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वजन्मीच्या पातकांची शारीरिक फळे मोजली आहेत, आणि तेथे वाणीची चोरी करणाऱ्याच्या वाट्याला मुकेपण येते. नवव्या अध्यायात मुक्याला आंधळ्या-बहिऱ्यांबरोबर वडिलार्जित मिळकतीच्या हिश्श्यातून वगळून त्याला केवळ पोटगी ठेवली आहे. ही वारसाबंदी कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकण्यास १९२८ साल उजाडावे लागले. ज्याचे मुख चालत नाही त्याने मागच्या जन्मी काही केले असले पाहिजे, ही समजूत मात्र कोणत्याही कायद्याने रद्द झाली नाही, आणि आजही एखादी आजी नातवाच्या बोबडेपणाविषयी बोलताना ती हलक्या आवाजात उच्चारते. मी ती स्पष्टपणे नाकारतो. सात वर्षांच्या मुलापुढे, त्याला आठवत नाही असा गुन्हा आणि त्याला दिसत नाही असा न्यायाधीश उभा करणे, हे धर्माच्या नावाने केलेले क्रौर्य आहे.

याच्या समोर भक्तिमार्गाचे आश्वासन उभे आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव श्रोत्यांपुढे आपल्या धाडसाची क्षमा मागताना म्हणतात, की अपत्य बोबडे बोलले तरी मायबापांना अधिकच संतोष होतो. मौलाना रूमींनी मसनवीच्या तिसऱ्या खंडात बिलालची गोष्ट सांगितली आहे: बांग देताना त्याच्या तोंडून एक कंठ्य वर्ण नीट उमटत नसे, लोकांनी पैगंबरांकडे शुद्ध उच्चाराचा दुसरा मुअज्जिन नेमण्याची मागणी केली, आणि त्यांना कठोर शब्दांत उत्तर मिळाले, की ईश्वरापाशी बिलालची चूक इतरांच्या शुद्धतेहून श्रेष्ठ आहे. दोन भिन्न धर्मपरंपरा येथे एकाच निष्कर्षाला येतात.

हे आश्वासन खरे आहे असे मी मानतो, आणि तरीही त्यात एक अडचण आहे जी मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू देत नाही. मायबापांना संतोष होतो तो लहान अपत्याच्या बोबडेपणाचा. तोच ल, तोच ध्वनी, अपत्य चौदा वर्षांचे झाले की संतोषाऐवजी लज्जा उत्पन्न करतो. ध्वनीत काडीचाही फरक पडलेला नसतो, फरक पडतो तो ऐकणाऱ्यात. शिवाय 'देवाला भाव कळतो' हे वाक्य आपल्याकडे उपचार टाळण्याची सबब म्हणूनही वापरले जाते. वेखंड उगाळून चाटवले, वडीलधाऱ्यांनी 'मोठा झाला की सुटेल' म्हणून सांगितले, आणि हातची वर्षे निघून गेली. देवाला भाव कळत असेल. पण त्या मुलाला शाळेत तोंडी परीक्षा द्यावयाची आहे, नावडे रोड स्थानकाच्या खिडकीवर तिकीट मागावयाचे आहे, उद्या तळोज्याच्या कारखान्यात मुलाखतीस बसावयाचे आहे, आणि तेथील श्रोते सर्वज्ञ नाहीत.

ख्रिस्ती व यहुदी धर्मग्रंथांतील मोशेची कथा या ठिकाणी मला अधिक प्रामाणिक वाटते. आपण जड जिभेचे आहोत, फारोपुढे कसे बोलावे, अशी तक्रार तो करतो. मनुष्याचे मुख कोणी घडवले, असे देव त्याला विचारतो. पण शेवटी त्याची जीभ मोकळी करून देत नाही, बोलण्यासाठी त्याचा भाऊ अहरोन सोबत देतो. नुसत्या मनातल्या भावनेवर सोडून न देता साहाय्याची तजवीज केली जाते.

आपल्या काळात ती तजवीज वाचोपचाराच्या रूपाने उपलब्ध आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून असलेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था हेच कार्य करते. या उपचारात प्रथम कानाची परीक्षा होते. मग मुलाला शुद्ध व अशुद्ध ध्वनींतील भेद ऐकून ओळखण्यास शिकवतात. मग जिभेचे टोक दंतमूळाजवळ कसे न्यावे आणि श्वासाच्या धक्क्याने ते कसे कंपित होऊ द्यावे हे दाखवून सुटा वर्ण, मग अक्षर, मग शब्द, वाक्य आणि अखेरीस सहज संभाषण अशा पायऱ्यांनी नेतात. वैदिक शिक्षाग्रंथांनी स्थान आणि प्रयत्न यांची जी सूक्ष्म चिकित्सा केली, तीच दृष्टी येथे दयेच्या कामाला लागलेली आहे. कायद्याचे लक्ष मात्र येथे पोहोचलेले नाही: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाक् व भाषा दिव्यांगत्वाची जी व्याख्या आहे ती स्वरयंत्र काढून टाकल्याने किंवा वाचाघातासारख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमच्या विकलतेपुरती आहे. कारण न सापडलेल्या या मुलाच्या र ला तिच्यात दाखला मिळत नाही, आणि तो दाखला नसल्यामुळे शाळेत सवलतही नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला भर्तृहरींपाशी सापडले. वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडात अपभ्रंशाविषयी लिहिताना ते शिकत असलेल्या बालकाचे उदाहरण देतात: ते आईला अस्पष्ट हाक मारते, आणि जाणणाऱ्यांना त्या अव्यक्तातून व्यक्त शब्दाचा निश्चय होतो. येथे दयेचा किंवा वात्सल्याचा प्रश्न नाही. बोलणे ज्या क्षणी पुरे होते तो क्षण भर्तृहरींनी वक्त्याच्या मुखातून उचलून श्रोत्याच्या निश्चयात ठेवला आहे. आणि हे जर खरे असेल तर यज्ञातील मंत्र आणि भक्ताचे नाम यांत एक मूलभूत भेद पडतो. मंत्र हे साधन आहे, ते अचूक चालले पाहिजे. नाम ही हाक आहे, आणि हाकेला ऐकणारा असतो. ज्याला आपण सर्वज्ञ म्हणतो त्या श्रोत्यापाशी कोणतीही हाक अपुरी पोहोचू शकत नाही. तशी ती पोहोचते असे म्हणणे म्हणजे त्या श्रोत्याच्याच श्रवणात उणीव मानणे होय. म्हणून त्या मुलाचे नामस्मरण पुरे आहे, सवलतीने नव्हे, हक्काने पुरे आहे. आणि जो हरिपाठाच्या रांगेत त्याच्याकडे पाहून हसतो, त्याच्या श्रद्धेत मला दोष दिसतो.

प्रौढांविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण हा दोष काहींच्या सोबत आयुष्यभर चालतो आणि ते तो लपवण्याची एक सबंध विद्या कमावतात. ते अडचणीचा वर्ण असलेले शब्द वाक्यात येऊच देत नाहीत. बुधवारच्या ऐवजी 'बुधाच्या दिवशी' म्हणतात. दूरध्वनीवर स्वतःचे नाव सांगण्याची वेळ आली, आणि नावात र असला, तर आडनावावर निभावतात. अशा मनुष्याने रामाऐवजी विठ्ठलाचे नाम आयुष्यभर घेतले, केवळ त्यात र नाही म्हणून, तर त्याचे उपास्य त्याच्या जिभेने निवडले असे म्हणावे लागेल. त्याची भक्ती त्यामुळे उणी ठरते असे मी म्हणणार नाही. जे मुख मिळाले त्या मुखाने जे नाव निर्भयपणे घेता आले ते त्याने घेतले. परंतु रामाचे नाव मोठ्याने घेण्याची इच्छा त्याच्या मनात कोठे शिल्लक असेल, तर चाळिशीतही जिभेला तो वर्ण शिकवून पाहता येतो, आणि शिकताना महिनोन्‌महिने जे अर्धेकच्चे 'राम' त्याच्या तोंडून निघतील तेही नामस्मरणाच्या खात्यात जमा धरले पाहिजेत.